दुसरा सीझन आम्ही पाहिला, आता आमचं ऐका : स्ट्रीमिंग कंपन्यांना नाशिकरोडहून खुलं पत्र

प्रति,
भारतात परदेशी मालिका दाखवणाऱ्या सर्व स्ट्रीमिंग कंपन्यांचे प्रमुख आणि कोणती मालिका कुठल्या भाषेत जाणार हे ठरवणारे अधिकारी यांस,

विषय : विज्ञान मालिकांचे दुसरे सीझन, त्यावरचं प्रेक्षकांचं म्हणणं आणि ते ऐकून घेण्याची तुमची पद्धत.

स. न. वि. वि.

मी नाशिकरोडला राहते आणि शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. तुमच्यापैकी एकाहून जास्त कंपन्यांची वर्गणी आमच्या घरातून दर महिन्याला आपोआप कापली जाते. त्यातल्या एका कंपनीला मी मध्यंतरी ग्राहक सेवेत सविस्तर लिहिलं, की विज्ञान मालिकांना मराठी सबटायटल्स द्या, आमच्या घरातली निम्मी माणसं त्यावाचून अडतात. उत्तर इतक्या झटकन आलं की ते कुणा माणसाने लिहिलेलं नाही हे वाचायच्या आधीच कळलं. अभिप्राय मोलाचा आहे, संबंधित विभागाकडे पाठवला आहे, वगैरे. तेही इंग्रजीत. खाली प्रश्न : आमच्या उत्तराने तुमचं समाधान झालं का? अंगठा वर, की अंगठा खाली?

आम्ही अंगठेबहाद्दर नाही. लिहिता येतं, म्हणून लिहिते आहे. आणि खुलं लिहिते आहे, कारण तुमच्या त्या पेटीत पडलेलं पत्र कोण उघडतं हे मला कुणी सांगू शकलेलं नाही.

निमित्त ‘सेव्हरन्स’च्या दुसऱ्या सीझनचं. ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लुमन नावाची एक कंपनी आहे. तिथल्या काही कर्मचाऱ्यांच्या मेंदूत चिप बसवतात. लिफ्टने खाली गेलं की बाहेरचं आयुष्य आठवत नाही, वर आलं की आतलं आठवत नाही. एका देहात दोन माणसं. एकाला ऑफिस म्हणजे काय ते ठाऊक नाही, दुसऱ्याला ऑफिसपलीकडे जग आहे हे फक्त ऐकून ठाऊक. कल्पना डॅन एरिक्सन यांची, बरेचसे भाग बेन स्टिलर यांनी दिग्दर्शित केलेले. पहिल्या सीझनचे नऊ भाग २०२२ मध्ये आले, दुसऱ्याचे दहा भाग १७ जानेवारी ते २१ मार्च २०२५ या काळात दर शुक्रवारी एक असे.

आमच्याकडे ही मालिका शनिवारी रात्री बघितली गेली. सासूबाई, अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला असलेल्या माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, आणि समोरच्या ब्लॉकमधले काका. काका नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेत. तुमच्या कागदोपत्री ‘विज्ञान मालिकेचा प्रेक्षक’ म्हणून यातला फक्त पुतण्या बसत असेल. बाकीच्यांना तुम्ही सासू-सुनांच्या रांगेत उभं केलेलं असणार, कारण ॲप उघडलं की त्यांच्यापुढे तेच येतं.

साहेब, नाशिक हे तुमच्या जाहिरातीत द्राक्षांचं आणि कुंभमेळ्याचं गाव असतं, पण राहणाऱ्यांसाठी ते कारखान्यांचंही गाव आहे. सातपूर, अंबड, सिन्नर, ओझरचा विमान कारखाना, आणि आमच्या नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस नि करन्सी नोट प्रेस. पंच करून आत गेल्यावर माणूस बदलतो, हे इथे कुणाला चिप बसवून समजवावं लागत नाही. लिफ्टमध्ये कर्मचाऱ्याने चिठ्ठी लपवून बाहेर नेऊ नये म्हणून यंत्र बसवलेलं दाखवलंय, तेव्हा सगळ्यांनी ‘बाप रे’ केलं. काका मात्र चहाचा घोट घेत म्हणाले, “एवढी तपासणी हवीच की. आणि घरी येऊन कामाबद्दल बोलायचं नाही, ही सवय लागायला चिप कशाला लागते?” काकू शेजारीच होत्या. त्यांनी मान डोलावली ती जरा जास्तच वेळ.

(यापुढे मालिकेतल्या गोष्टी उघड होणार आहेत. बघायची राहिली असेल त्यांनी सरळ ‘पहिली तक्रार’ या शब्दांपाशी उडी मारावी.)

दुसऱ्या सीझनमध्ये मिल्चिक या अधिकाऱ्याचं वार्षिक मूल्यमापन होतं. तक्रारी काय? मोठमोठे शब्द वापरतो, आणि कागदांना पेपरक्लिप उलटी लावतो. हा माणूस मालकांसाठी वाटेल ते करत आलेला, आणि त्याला समोर बसवून पेपरक्लिप ऐकवतात. काका हसून हसून खोकायला लागले. “हा सीआर आहे, सीआर!” गोपनीय अहवालात साहेब काय शेरा मारेल या धास्तीत नोकरी काढलेल्या पिढीला तो प्रसंग जेवढा कळला, तेवढा तो लिहिणाऱ्यांनाही कळला असेल का, शंका आहे. पुढे मिल्चिक आरशासमोर उभा राहून आपलंच मोठं वाक्य तोडत तोडत एका शब्दावर आणतो. तिथे काका हसले नाहीत. या भूमिकेसाठी ट्रॅमेल टिलमन यांना एमी हे अमेरिकेतलं टीव्हीचं पारितोषिक मिळालं, ही बातमी सप्टेंबर २०२५ मध्ये मी त्यांना सांगितली तर म्हणाले, “मिळायलाच हवं. सीआर खराब असून मिळालं, हे विशेष.”

आठव्या भागावर जगभर वाद झाला, आमच्याकडेही झाला. सगळ्या सीझनमधला तो सर्वांत छोटा भाग, आणि त्यात लुमनची जुनी अधिकारी कोबेल एकटीच आपल्या जुन्या गावी जाते. पुतण्याने दहाव्या मिनिटाला मोबाइल काढला. “यात काहीच घडत नाही, काकू. फिलर आहे.” बऱ्याच प्रेक्षकांचं मत हेच होतं : आदल्या भागात नायक मार्कची बायको जेमा हिची एवढी मोठी गोष्ट सांगून झाल्यावर मधेच ही बर्फातली संथ फेरी कशाला? पण जाऊबाई खुर्चीच्या टोकावर सरकल्या होत्या. कंपनीने गाव वसवलं, लहान मुलांना कामाला लावलं, ईथरचा कारखाना बंद करून निघून गेली. मागे राहिलेली माणसं त्याच ईथरची नशा करत बसलेली. बंद शेडचं गंजकं फाटक, आत वाढलेलं गवत, आणि बाहेर चहाच्या टपरीवर अजूनही येऊन बसणारी माणसं, हे जाऊबाई कामावर जाता-येता बघतात. त्यांनी मुलाला एवढंच सांगितलं, “तुला फिलर वाटतंय. आमच्याकडे याला क्लोजर म्हणतात.” पुतण्याने मोबाइल उलटा ठेवला.

सातव्या भागात जेमाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवत राहतात, आणि प्रत्येक खोलीत तिची एक वेगळी जाणीव फक्त त्या खोलीतलं दुःख भोगायला जन्माला घातलेली. दाताच्या डॉक्टरची खोली असणाऱ्या बाईला दाताच्या डॉक्टरखेरीज जगात काही नाही. सासूबाईंनी या भागानंतर जेवण अर्धवट टाकलं. शेवटच्या भागात आतला मार्क बाहेरच्या मार्कच्या बायकोला दारापलीकडे सोडतो आणि आतल्या सहकारी हेलीचा हात धरून परत आत पळतो, तेव्हा घरात उभी फूट पडली. सासूबाई जेमाच्या बाजूने, आणि इतक्या जोरात की शेजारच्यांनी खिडकी उघडली. पुतण्या आतल्या मार्कच्या बाजूने : “ज्याने त्याला न विचारता जन्माला घातलं, त्याच्यासाठी त्याने मरायचं का?” जाऊबाई कुणाच्याच बाजूने नव्हत्या. म्हणाल्या, दोघंही कंपनीतच राहिले ना, मग जिंकलं कोण?

माझं स्वतःचं मत विचाराल तर दुसरा सीझन पहिल्याइतका आवळून बांधलेला नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटी मार्कच्या दोन जाणिवा जोडण्याचं काम सुरू होतं, आम्ही आठवडाभर त्यावर बोलतो, आणि पुढे ती गोष्ट जवळजवळ वाऱ्यावर सोडली जाते. लुमनमध्ये पाळलेल्या बकऱ्यांचा उलगडा होतो म्हणायचं, पण समाधान होत नाही. मात्र चौथा भाग, ऑफिसातल्या चौघांना बर्फाच्या डोंगरात नेतात तो, आणि शेवटच्या भागात दोन मार्क एकमेकांशी कॅमेऱ्यावर बोलतात तो प्रसंग, यासाठी मी ही मालिका पुन्हा बघेन. एमीची त्या वर्षीची सर्वाधिक २७ नामांकनं आणि आठ पुरस्कार तिला उगाच मिळालेले नाहीत.

आता सांगा, यातलं काय तुमच्यापर्यंत पोचलं? आमच्या खात्यावर नोंद झाली असेल : ‘एक घर, दहा भाग, पूर्ण पाहिले, अंगठा दिला नाही.’

पहिली तक्रार प्रतीक्षेची. पहिला सीझन ८ एप्रिल २०२२ ला संपला तो नायक-नायिका ओरडत असताना, श्वास अडकलेल्या ठिकाणी. दुसरा सुरू झाला पावणेतीन वर्षांनी. माझ्या आठवीतल्या मुलांनी या काळात दहावी ओलांडली. यात २०२३ चा हॉलिवूडचा संप होता, हे मला माहीत आहे. लेखकांचा २ मे ला सुरू झाला आणि १४८ दिवस चालला, नटांचा जुलै ते नोव्हेंबर. त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पुन्हा पुन्हा दाखवलेल्या कामाचा मोबदला मिळावा, यंत्राकडून लिहून घेऊन माणसाला घरी बसवू नये, आणि आपण लिहिलेलं किती लोकांनी पाहिलं हे लेखकाला कळावं, एवढंच ते मागत होते. यातलं शेवटचं वाचून मी थक्क झाले. म्हणजे लिहिणाऱ्यालाही तुम्ही आकडा सांगत नव्हतात! तडजोडीनंतरही तो आकडा लेखकांच्या संघटनेला मिळतो तो गुपित म्हणून. मग आमच्यासारख्यांनी कशाची अपेक्षा करायची?

पण संपाने सगळी पावणेतीन वर्षं खाल्लेली नाहीत, आणि हा रोग एका मालिकेचाही नाही. ‘सायलो’चा पहिला सीझन २०२३ च्या मे मध्ये, दुसरा २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, तो तर हल्लीच्या मानाने लवकर म्हणायचा. उशीर करा, चांगलं करायला वेळ लागतो. पण इतक्या काळाने परत याल तेव्हा मागचं नीट सांगून याल की नाही? दोन-तीन मिनिटांच्या भरधाव तुकड्यांतून काकांना काहीएक लागलं नाही. मीच फळ्यावर काढावं तसं वहीच्या पानावर कोण आत, कोण बाहेर, कोण कुणाची बहीण असं काढून दिलं. ते पान अजून त्यांच्या चष्म्याच्या घरात आहे.

दुसरी तक्रार भाषेची, आणि हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे. परदेशी मालिकांना तुम्ही हिंदी देता, बऱ्याचदा तमिळ-तेलुगू देता. त्यांना मिळतं याचा आनंदच आहे. मराठी मात्र एखाद्या फार मोठ्या नावाला मिळाली तर मिळाली. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांच्या घरात होते. देशात हिंदी आणि बंगालीनंतर तिसरा क्रमांक. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तुमच्यापैकी काहींनी अभिनंदनाची रंगीत चित्रं टाकली होती. चित्रं छान होती. सबटायटल्सच्या यादीत मात्र त्यानंतरही काही हललेलं मला दिसलं नाही.

‘मराठी माणसाला हिंदी येतं’ हे मला तोंडी सांगण्यात आलेलं कारण. येतं ना. सासूबाई निफाडच्या. हिंदी सिनेमा ऐकून समजतो, गाणी पाठ आहेत. पण ऐकणं वेगळं आणि पळत्या ओळी वाचणं वेगळं, त्यातही मेंदू, स्मृती आणि शस्त्रक्रियेवरच्या पुस्तकी हिंदी ओळी. रोज मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, छोट्या जाहिरातींसकट वाचणारी ही बाई, पडद्यापुढे मात्र दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसते.

मग आमच्याकडे काय होतं ते ऐका. रिमोट पुतण्याच्या हातात. हेलीने काहीतरी बोलायचं, आजीने “काय म्हणाली?” विचारायचं, याने थांबवायचं. पडदा काळपट होतो, हेलीचं तोंड अर्धवट उघडं, कपाळावर थांबवल्याची दोन उभी दांडकी. हा मराठीत सांगतो. काका मधेच आपली शंका काढतात, ती फिटली की पुढे. पुन्हा तीन वाक्यं, पुन्हा दांडकी. पन्नास मिनिटांचा भाग दीड तासाच्या खाली कधी आटपला नाही. शेवटच्या भागातलं ते दोन मार्कमधलं भांडण, ज्याची सगळी गंमत एकाने विचारण्यात आणि दुसऱ्याने थांबून उत्तर देण्यात आहे, त्यात आमच्याकडे पुतण्या तिसरा बोलत होता. त्याने कंटाळा केला नाही, हे त्याचं मोठेपण. पण तो पुण्याला नोकरीला गेला की सासूबाईंचा तिसरा सीझन कोण थांबवून सांगणार? मला तेवढं भरभर जमत नाही.

आणि खर्चाचं कारण सांगू नका. आवाज देणारे नट, स्टुडिओ, हे सगळं महाग असतं, ते मी मागत नाही. खालच्या ओळी मागते आहे. त्या लिहिणारी माणसं मराठीत ढिगाने आहेत. आमच्या नाशिकलाच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, भाषेच्या पदव्या घेऊन शिकवण्या घेत बसलेली हुशार मुलंमुली गल्लोगल्ली आहेत. फक्त यंत्रातून काढून आमच्या तोंडावर मारू नका. माणसाकडून करून घ्या, त्याला पैसे द्या, शेवटी त्याचं नाव द्या.

तिसरी तक्रार छोटी आहे पण संताप आणणारी. भाग आला की तुमच्यापैकी काही जण मोबाइलवर सूचना पाठवता आणि तिच्यासोबत चित्र. एका मालिकेत मेलेलं समजलेलं पात्र जिवंत निघतं, हा सगळ्या भागाचा जीव. तो सकाळी साडेनऊला, मी वर्गावर हजेरी घेत असताना, माझ्या टेबलावरच्या मोबाइलने फोडला. रहस्य फोडणाऱ्या पोरांना आपण गटातून काढून टाकतो. कंपनीला कुठून काढायचं?

चौथी तक्रार अर्ध्यावर सोडण्याची. विज्ञान मालिका दुसऱ्या सीझनपर्यंत येते आणि तिथेच तिचा गळा दाबला जातो, हे इतक्यांदा झालंय की घरात नवीन मालिका सुरू करायची म्हटली तर पुतण्या आधी विचारतो, “शेवट आहे का हिला?” ‘दि ओए’चे दोन भाग २०१६ आणि २०१९ मध्ये आले. दुसऱ्याचा शेवट नव्या प्रश्नावर झाला आणि त्याच वर्षी मालिका रद्द. ‘रेज्ड बाय वुल्व्ह्ज’ दोन सीझननंतर २०२२ मध्ये बंद, पुढे ती मूळ ठिकाणाहून काढूनही टाकली. ‘१८९९’ नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिचा निकाल लागला. दुसऱ्या सीझनचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. ‘द पेरिफेरल’ची कथा सगळ्यात वरची : दुसरा सीझन जाहीर केला आणि सहा महिन्यांनी परत घेतला.

विज्ञानकथेला जग उभं करायला वेळ लागतो. पहिल्या सीझनमध्ये नियम कळतात, दुसऱ्यात ते नियम माणसांना कुठवर ताणतात ते कळतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत किती जणांनी शेवटपर्यंत पाहिलं एवढ्यावर तुम्ही तिचा न्याय करणार असाल, तर आमच्यासारखी थांबत थांबत, समजून घेत, तीन पिढ्यांना बरोबर घेऊन बघणारी घरं तुमच्या हिशेबात नापासच ठरणार. आम्ही हळू बघतो याचं एक कारण तर तुम्हीच आहात; दुसरी तक्रार पुन्हा वाचा.

पत्रांनी काही होत नाही असं समजू नका. ‘स्टार ट्रेक’ दुसऱ्या सीझननंतर बंद होणार अशी हवा होती. १९६७-६८ च्या हिवाळ्यात बीजो आणि जॉन ट्रिम्बल या जोडप्याने पत्रमोहीम उघडली, विद्यार्थी ती दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीच्या दारात मोर्चा घेऊन गेले. एनबीसीच्याच म्हणण्यानुसार लाखावर पत्रं आली. १ मार्च १९६८ ला भाग संपल्यावर वाहिनीने पडद्यावरून जाहीर केलं, की मालिका चालू राहणार आहे, कृपया आता पत्रं पाठवू नका! तीच मालिका पुढे आपल्या दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. माझ्या पिढीतले कितीतरी जण त्यापायी विज्ञान शाखेला गेले. तेव्हा पत्र उघडणारं कुणीतरी होतं, एवढाच फरक.

पाचवं म्हणणं तक्रारीपेक्षा गाऱ्हाणं आहे. ‘सेव्हरन्स’मधली लुमनची इमारत खरी आहे. न्यू जर्सीत होल्मडेल इथली बेल लॅब्ज या संशोधन संस्थेची जुनी वास्तू, ईरो सारिनेन यांनी आखलेली. त्याच जागेवर पूर्वी मोकळं शेत होतं आणि तिथे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कार्ल जान्स्की यांना आकाशगंगेकडून येणाऱ्या रेडिओ लहरी सापडल्या. जवळच्याच क्रॉफर्ड हिलवर पेन्झियस आणि विल्सन यांना १९६४-६५ मध्ये विश्वाच्या आरंभापासून पसरलेलं ते मंद प्रारण सापडलं. जयंत नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉइल ज्या आरंभ नसलेल्या विश्वाची बाजू मांडत होते, तिला सर्वांत मोठा धक्का बसला तो याच शोधाने. मी हे सगळं घरी सांगितलं तेव्हा काका म्हणाले, “म्हणजे ही कंपनी आपल्या नारळीकरांचीही वैरी निघाली.”

ते नारळीकर २०२१ च्या डिसेंबरमध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही, याची आम्हाला अजून चुटपुट आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी नाव बदलून गोष्ट पाठवली होती, नाव बघून बक्षीस नको म्हणून, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. २० मे २०२५ ला ते गेले. त्यांच्या आधीपासून आणि त्यांच्यानंतरही मराठीत विज्ञानकथा लिहिली जाते आहे, वाचली जाते आहे. आणि पडद्यावरच्या चमत्कारांचं म्हणाल, तर त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके शंभर वर्षांपूर्वी नाशिकमध्ये बसून ट्रिक फोटोग्राफी करत होते. गोष्टी आहेत, माणसं आहेत, बघणारे आहेत. मराठीत एक सीझन तरी करून बघा. दुसऱ्याचं मग आपण भांडू.

आता मागण्या, सरळ शब्दांत.

नवीन येणाऱ्या प्रत्येक परदेशी विज्ञान मालिकेला, पहिल्या दिवसापासून, माणसाने केलेली मराठी सबटायटल्स द्या. जुन्यांपैकी ज्यांचे पुढचे सीझन यायचे आहेत, त्या आधी घ्या. ‘सेव्हरन्स’चा तिसरा सीझन २१ मार्च २०२५ लाच जाहीर झाला आहे, तेव्हा वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही.

वर्षाहून जास्त खंड पडला असेल तर मागच्या सीझनची दहा-पंधरा मिनिटांची नीट, सावकाश, मराठीत वाचता येईल अशी उजळणी द्या.

सूचनांमधून आणि चित्रांमधून गोष्ट फोडणं बंद करा. यासाठी तर पैसेही लागत नाहीत.

मालिका रद्द करायची असेल तर निदान एक समारोपाचा भाग द्या. आणि काढून टाकणार असाल तर महिनाभर आधी सांगा, म्हणजे राहिलेली घरं बघून घेतील.

अंगठ्याच्या शेजारी लिहायला जागा द्या. त्यात मराठी टंकता आली पाहिजे, आणि ते मराठी वाचणारा माणूस पगारावर असला पाहिजे.

पैसे भरूनही मधेच घुसणाऱ्या जाहिरातींबद्दल मी मुद्दाम लिहिलेलं नाही. त्यावर वेगळं पत्र लागेल आणि त्याची भाषा इतकी सौम्य राहील याची मला खात्री नाही.

नाशिकच्या आणि इतर ठिकाणच्या वाचकांना विनंती, की पटलं तर आपापल्या कंपनीला आपापल्या शब्दांत, मराठीत लिहा. माझ्या ओळी उचलून चिकटवू नका. एकसारखी शंभर पत्रं त्यांचं यंत्र एका झटक्यात निकाली काढेल, वेगवेगळी दहा त्याला जड जातील. तुमच्या घरी आठव्या भागाला कोण रडलं आणि कुणी मोबाइल काढला, तेही लिहा.

ज्या कंपनीने मला ते झटपट उत्तर पाठवलं, तिची आपोआप कापली जाणारी वर्गणी मी बँकेत जाऊन थांबवली आहे. पहिल्या मागणीवर माणसाने सही केलेलं उत्तर आलं की पुन्हा सुरू करीन. सासूबाईंना तसं सांगितलंय, आणि त्या रोज विचारतात.

कळावे,
आपली,
नाशिकरोडची एक विज्ञान शिक्षिका